थंडीत जळणारी तुळस

आमच्याच समाजातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला घर विकताना फसवलं, आणि पुढे देवळात बसून त्या फसवणुकीचं खापर माझ्या बायकोच्या माथ्यावर फोडलं. पहिली गोष्ट मी एक वेळ सोडून दिली असती. मी धंदेवाला माणूस. समोरचा मला गंडवायला बघणार हे धरूनच रोज सकाळी दुकान उघडतो. दुसरी गोष्ट मी सोडलेली नाही.

त्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात. मीही अण्णाच म्हणेन. म्हैसूरातल्या आम्हा मराठी लोकांच्या विठ्ठलाच्या देवळाच्या कमिटीत तेव्हा त्यांचा शब्द शेवटचा असे. माझं म्हणाल तर, मी लहानपणी दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून काज-बटणं केली, मग कटिंग शिकलो, मग मार्केटाजवळ स्वतःचं कापडाचं आणि शिलाईचं दुकान थाटलं. कुणी हाताला धरून पुढे नेलं नाही, म्हणून कुणाचं मुकाट्याने ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. कापड हातात आलं की मी एक धागा ओढून जाळतो आणि वास घेतो. कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासतो. ताग्याची वरची घडी मी बघतच नाही, आतली उलगडून उजेडात धरतो. घर घेतानाही तेच केलं. भिंती ठोकल्या, विहिरीचं पाणी चाखलं, चौकटीला वाळवी आहे का ते नखाने टोकरून पाहिलं. हवा तपासायची असते, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन थोडी वर्षं झाली होती. शहर हुणसूर रोडच्या बाजूला नुकतंच पसरायला लागलं होतं. हिनकलच्या आसपास एकीकडे नाचणीची शेतं, एकीकडे नवीन शेड, आणि मध्येच कुणी कुणी बांधलेली घरं. अण्णांचं घर त्यातलंच. मी ते बघायला मुद्दाम आषाढात गेलो. आषाढात आमच्या गावात कुणी घर घेत नाही, लग्न करत नाही, नवी साडीसुद्धा नेसत नाही. दुकानदार वैतागून भाव उतरवतात. मीही दर आषाढात उतरवतो. तेव्हा घराच्या भावाला तो नियम का लागू नसावा, असा माझा हिशेब.

"आषाढात घर बघायला आलास?" अण्णा म्हणाले. "देव बघतोय रे."

"देव बघू दे अण्णा, तुम्ही भावाचं बघा."

ते हसले. फार घासाघीस न करता उतरले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण तेवढ्यात बायको अंगणातून आली. अंगणाच्या मधोमध तुळशीचा कट्टा होता आणि त्यात तुळस अशी काही माजली होती की कट्टा दिसत नव्हता. पश्चिमेचा वारा सुटला होता, पावसाची भुरभुर होती, आणि तुळशीचा वास दारापर्यंत येत होता. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, हेच घर." आमच्यात घर पसंत करायची ही जुनी रीत आहे: ज्या अंगणात तुळस सुखात, तिथे माणसं सुखात. श्रावण लागला आणि मी सही केली.

ताबा घेतला त्या दिवशी कट्टा रिकामा होता. त्यांची तुळस ते घेऊन गेले, त्यात गैर काही नाही. आत डोकावलं तर खाली विटांचे तुकडे नीट रचलेले आणि त्यावर कुंडीच्या बुडाचा गोल डाग. म्हणजे तुळस कट्ट्यात लावलेली नव्हती, कुंडीतच होती, कुंडी आत ठेवलेली. मला वाटलं, टापटिपीची माणसं.

बायकोने देवळातल्या तुळशीच्या मंजिऱ्या आणून रोप केलं. दिवाळीपर्यंत ते हातभर वाढलं. तुळशीचं लग्न लावलं, ऊस बांधला, आवळे-चिंचा वाहिल्या. आणि मार्गशीर्ष लागला तशी पानं बिघडायला लागली. किडीने खाल्ल्यासारखी नव्हेत, पाण्यावाचून सुकल्यासारखीही नव्हेत. पानाच्या शिरा हिरव्यागार आणि शिरांच्या मधली जागा वाळल्या गवताच्या रंगाची. कुणी इस्त्रीचं टोक शिरा चुकवून टेकवलं असावं, तशी. बायकोने राख घातली, कडुनिंबाचं पाणी मारलं, माती बदलली. तुळस गेली. दुसरी लावली, तीही गेली. त्याच अंगणाच्या कोपऱ्यात अण्णांनी लावलेली कण्हेर आणि क्रोटन मात्र तेल लावल्यासारखी चकाकत होती.

आता आमच्या देवळातली एक पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर एकादशीला विठ्ठलाला तुळशीची माळ एका घरातून जाते. पाळी ठरलेली असते. माळ विकतची चालत नाही, शेजाऱ्याची चालत नाही. स्वतःच्या अंगणातली तुळस आणि त्या घरच्या बाईने ओवलेली माळ. माझी बायको माहेरी असल्यापासून माळ ओवते. देठ न मोडता, मंजिरी बाहेरच्या अंगाला ठेवून, अशी दाट ओवते की दोरा कुठे दिसत नाही. आमच्या बायकांमध्ये तिचं नाव होतं ते या माळेमुळे, माझ्या दुकानामुळे नव्हे.

आमची पाळी त्याच मार्गशीर्षात आली, पहिली तुळस पुरती जायच्या आधी. तिने उरलेली बरी पानं वेचून माळ केली. अण्णांनी ती ताटातून उचलली, समईपाशी धरली, एक पान दोन बोटांत घेऊन सगळ्यांना दाखवलं.

"ही देवाला चालायची नाही."

"अण्णा, थंडीने जरा..." बायको म्हणाली.

"थंडी सगळ्या म्हैसूरला असते. तुळस घरच्या बाईचं सोवळं सांगते. घरात काय पाळलं जातं, काय नाही, ते तुझं तुला ठाऊक."

मी पुढे झालो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दोघातिघांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "मी सोडणार नाही त्यांना." ती म्हणाली, "तुम्ही ओरडलात, म्हणून सगळ्यांना ते खरंच वाटलं." त्या दिवसापासून ती देवळात गेली नाही, आणि आमची पाळी यादीतून काढली गेली.

उन्हाळा आला आणि नवं रोप आपोआप सुधारलं. पावसाळ्यात तर माजलं. एक शेजारीण, आमच्याच समाजातली, कुंपणावरून म्हणाली, "आता सांभाळतेस वाटतं सगळं नीट." बायको आत निघून आली. पण त्या वर्षी तिने त्याच तुळशीच्या मंजिऱ्यांपासून कितीतरी रोपं केली आणि एका ओळीत कुंड्यांमध्ये लावली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पुन्हा कार्तिक सरला, आणि कट्ट्यातली तुळस पुन्हा तशीच जळायला लागली.

मला राग लवकर येतो हे खरं, पण त्याहून लवकर मला एक दुसरी गोष्ट येते: हे झालं कसं, ही खाज. कापडाचा रंग का उतरला हे कळेपर्यंत मी गिऱ्हाइकाला पैसेही परत करत नाही आणि भांडतही नाही. मी एक जळकं पान शर्टाच्या खिशात घालून दुकानात नेलं आणि कटिंगच्या टेबलावर कात्रीशेजारी ठेवलं. येता-जाता बघत होतो.

विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई माझ्या गिऱ्हाईक होत्या. राहायला शहरातल्या जयलक्ष्मीपुरमला. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यामुळे त्यांच्या घरात आमच्यासारखंच कन्नड कालवलेलं मराठी. मी ज्यांच्यापुढे हरतो अशी फार थोडी गिऱ्हाइकं आहेत, त्यात त्या पहिल्या. त्या दिवशी ब्लाऊजच्या शिलाईवरून हुज्जत घालता घालता मध्येच थांबल्या.

"हे पान कुठलं?"

"आमच्या तुळशीचं. कीड दिसते का काही?"

त्यांनी पान उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेलं. "कीड नाही. बुरशीही वाटत नाही. तुमच्या घराजवळ काय जळतं?"

"काय म्हणजे?"

"कोळसा, तेल, काही. पान श्वास घेतं, अल्ला, हो ना? त्याच्या खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात. सकाळी उजेड पडला की उघडतात. तेव्हा हवेत गंधकाचा धूर असला, त्यातून धुकं असलं, की तो आत जातो आणि शिरांच्या मधला भाग भाजतो. मला हे तसं दिसतंय."

मी म्हटलं, "म्हणजे सिद्ध झालं."

"काही सिद्ध झालं नाही. मला संशय आला, एवढंच. तुळशीवर मी काम केलेलं नाही. घेवड्यावर केलंय, घेवडा फार नाजूक."

"मग सिद्ध व्हायला किती दिवस?"

"तुम्ही माझा ब्लाऊज ज्या दिवशी द्यायचा सांगता आणि ज्या दिवशी देता, त्यात जेवढे जातात तेवढे."

आमच्या घराच्या पूर्वेला, एक शेत सोडून, लोखंड ओतायची भट्टी होती. तिची चिमणी मी रोज बघत होतो. आषाढात घर बघायला गेलो तेव्हाही ती होती, पण तेव्हा धूर आमच्याकडे पाठ करून चालला होता. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. थंडीत पूर्वेकडून येतो." मी हातातली कात्री खाली ठेवली. ज्या महिन्यात माल स्वस्त मिळतो म्हणून मी गेलो, त्याच महिन्यात मालाचा दोष दिसत नाही!

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "घरी दगडफूल वापरता ना मसाल्यात? त्याचे भाऊबंद झाडांच्या बुंध्यावर असतात. राखाडी, पोपटी चट्टे. ते ना मातीतून काही घेत, ना मुळातून, सगळं हवेतून. हवा बिघडली की पहिले ते जातात. रविवारी जरा बुंधे बघत घरी जा."

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा किती महिन्यांनी तिने माझ्याकडे नीट मान वर करून बघितलं. "दगडफूल मला दाखवायला नको," ती म्हणाली.

रविवारी मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि जयलक्ष्मीपुरमपासून सुरुवात केली. इतकी वर्षं त्या रस्त्यांवरून माल घेऊन फिरलो, पण झाडाच्या बुंध्याकडे कधी बघितलं नव्हतं. बुंध्यांना कमरेएवढा चुना आणि काव फासलेला असतो, त्याच्या वर बघायचं. आणि काय सांगू, तिथे नुसतं कापडाचं दुकान होतं. राखाडी गोल चट्टे, कडेला झालर असलेले. कुठे हळदीसारखा पिवळा, कुठे पोपटी, कुठे फाटक्या लेससारखं लोंबणारं. बायको पदराने धूळ पुसायची, नखाने कड उचलून वास घ्यायची. "हे खरं दगडफूल नव्हे. पण त्याचंच कुणीतरी आहे."

एका बंगल्यातून एक म्हातारे बाहेर आले. "एन् हुडुक्ताइद्दीरी?" काय शोधताय, असं दरडावून विचारलं.

बायको वळूनही न बघता म्हणाली, "मसाला."

कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसलो. पुढे हिनकलकडे जाऊ तसे चट्टे विरळ होत गेले. आधी ती लोंबणारी लेस गेली, मग झालरवाले गेले, मग नुसते बुंध्याला चिकटलेले डाग उरले. आमच्या वळणावर एक जुनं पिंपळाचं झाड होतं. त्याच्या पश्चिमेच्या अंगाला थोडे चट्टे होते, पूर्वेच्या अंगाला काही नाही, घासल्यासारखं उघडं. बायको झाडाला हात लावत एक फेरी मारून आली, पुन्हा मारली. मग भट्टीच्या दिशेने बोट करून उभी राहिली.

मी तसाच बाईंकडे परत गेलो. त्या म्हणाल्या, रस्त्याची धूळ, पाणी, सालीचा प्रकार, कशानेही असं होऊ शकतं. नीट तपासायला हवं. कसं तपासायचं ते त्या सांगायला लागल्या, आणि मी त्यांना मध्येच थांबवलं, कारण ते मला येत होतं. गिऱ्हाईक कापड परत आणून म्हणतं, रंग गेला. आता दोष कापडाचा की धोब्याचा? आम्ही त्याच ताग्यातले दोन तुकडे काढतो, एक त्याच्या धोब्याकडे देतो, एक आमच्या. मग धोबी बदलून बघतो. इथे तागा म्हणजे एकाच तुळशीची रोपं, ती बायकोने करून ठेवलीच होती.

"आणि धोबी कोण?" बाईंनी विचारलं.

"दोन आहेत. एक हिनकलची हवा. दुसरा, अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्या बायकोचा हात."

बाईंनी चष्मा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तर मग हात सगळीकडे तोच ठेवा."

तसंच केलं. एकाच ढिगातली माती, एकसारख्या कुंड्या, प्रत्येक तुळशीशेजारी एक घेवड्याचं रोप. काही कुंड्या आमच्या अंगणात भट्टीच्या बाजूला, काही बाईंच्या जयलक्ष्मीपुरमच्या अंगणात. पाणीसुद्धा एकच हवं म्हणून मी आमच्या विहिरीचा कॅन स्कूटरवर बांधून नेत होतो. बाईंच्या शेजाऱ्यांना वाटलं मी रॉकेल विकतो. दोन्हीकडच्या कुंड्यांना पाणी घालायचं, माती हलवायची, पान पुसायचं ते फक्त माझ्या बायकोने. बाईंनी त्यांच्या घरात कुणालाही कुंडीला हात लावू दिला नाही. बायको बसने जायची, यायची. बाईंच्या अंगणात बसून चहा प्यायची. अडचणीचे चार दिवस आले तेव्हा तिने विचारलं, "आता?" बाई म्हणाल्या, "आता तर मुद्दाम घालायचं." तिने घातलं. एकही कुंडी न सोडता, असं नंतर बाईंनी मला सांगितलं.

आधी घेवडा गेला. आमच्या अंगणातला. एका धुक्याच्या सकाळी भट्टीचा धूर जमिनीलगत आमच्या कुंपणापर्यंत आला, आणि दुसऱ्या दिवशी घेवड्याच्या पानांवर पांढुरके डाग पडले, शिरा जाळीसारख्या उठून दिसायला लागल्या. मागोमाग तुळस. जयलक्ष्मीपुरमच्या तुळशीला काहीही झालं नाही. घेवड्याला तर शेंगा धरल्या. मग मी धोबी बदलला. इथली एक जळकी कुंडी तिकडे नेली, तिकडची एक धडधाकट इकडे आणली. जळकीला तिकडे नवी पालवी स्वच्छ फुटली. इकडे आणलेली, जिच्यावर एक डाग नव्हता, ती भाजली.

हे सगळं बघताना मी राग विसरलो होतो, हे कबूल करायला हवं. रोज सकाळी दात घासत अंगणात उकिडवा बसून मी पानं बघत होतो. कोणतं पान आधी जळतं? कोवळं नाही, अगदी जुनंही नाही, मधलं. का? बाईंकडे उत्तर अर्धं होतं, अर्धं नव्हतं, आणि नसलेलं अर्धं त्या चटकन सांगून टाकायच्या, "ठाऊक नाही." मला ते फार आवडलं. माझ्या धंद्यात हा शब्द कुणी वापरत नाही.

संक्रांत आली. आमच्याकडे त्या दिवशी बायका घरोघर एळ्ळू-बेल्ला वाटतात. तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे. भांडण असलं तरी हे वाटप चुकवत नाहीत. अण्णांच्या घरच्या काकू आल्या. मी आतल्या खोलीत मापं लिहीत होतो. काकूंनी अंगणातच बोलायला सुरुवात केली.

"अगोबाई, ह्या दिवसांत तुळस इथे का ठेवलीस ग?"

"मग कुठे ठेवू काकू?"

"आमची तर कार्तिकात लग्न लागलं की सासरी जायची." काकू स्वतःच्याच विनोदाला हसल्या. "सोसले गावाला, माझ्या भावाकडे. शिवरात्र झाली की परत आणायचो. कुंडीतच होती ना."

"का हो? इथे काय होतं तिला?"

"भट्टीचा धूर ग. पहिल्या थंडीत जळली, दुसऱ्या थंडीत जळली. मग ह्यांनीच सांगितलं, सुम्ने, उगीच दर वर्षी कशाला लावायची, भावाकडे धाड."

"अण्णांनी सांगितलं?"

"मग आणखी कोण सांगणार?"

कट्ट्यातला तो गोल डाग माझ्या डोळ्यांपुढे आला. मी उठून दारापर्यंत गेलो. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी तिथेच थांबलो. तिने काकूंच्या ओटीत वाण घातलं, वाकून नमस्कार केला, फाटकापर्यंत पोहोचवून आली. मग कट्ट्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

पुढच्या एकादशीला मी देवळात कुंड्या नेल्या. जळक्या एका ओळीत, हिरव्या एका ओळीत. बाईही आल्या होत्या. बायको खांबाशी बायकांमध्ये उभी राहिली. या वेळी मी ओरडलो नाही. गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसं एक एक दाखवलं: तुळस एक, माती एक, पाणी एक, हात एक. हवा दोन. लोक पुढे सरकून वाकून बघायला लागले. दोघंतिघं शिंपी होते, त्यांना ताग्याची गोष्ट लगेच कळली.

"देवाच्या दारात कुंड्यांचा बाजार मांडलास," अण्णा म्हणाले.

"बाजार नंतर. आधी सांगा, तुमची तुळस थंडीत सोसलेला का जायची?"

अण्णांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बायका काहीही बोलतात."

"काकू खोटं बोलतात, असं म्हणा मग. सगळ्यांसमोर."

अण्णा बसल्या जागी समईची वात सारायला लागले. कमिटीतले दुसरे एक जण घाईघाईने मध्ये पडले: "आय्तु, आय्तु. झालं गेलं. यापुढे थंडीतली पाळी आली तर कुठली का असेना, कुंडीतली तुळस चालेल. माळ तुमच्या घरची. विषय संपला."

तेव्हा खांबापासून आवाज आला. माझी बायको देवळात असं मोठ्याने कधी बोलली नव्हती. "पाळी मिळाली. पण माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते खोटं होतं, हे कोण सांगणार?"

अण्णा उठले, गाभाऱ्याकडे वळले आणि आरती सुरू केली. टाळ वाजले. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिच्या प्रश्नावर आरती म्हटली गेली.

भट्टीचंही थोडक्यात सांगतो. आम्ही सरकारकडे अर्ज दिला. एक साहेब यंत्र घेऊन आले, पण आले ते जुलैत. यंत्राने सांगितलं, हवा उत्तम. बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचं यंत्र एक दुपार इथे होतं. घेवडा सगळी थंडी इथे होता, त्याला विचारा." साहेबांना तो विनोद वाटला. काही वर्षांनी चिमणी उंच केली. आमच्या अंगणात डाग कमी झाले, पण लांबच्या एका वस्तीत आंब्याच्या पानांची टोकं करपायला लागली आहेत असं ऐकून मी आणि बायको बघून आलो. बाई म्हणाल्या, ते याच धुराचं की दुसऱ्या कशाचं, ठाऊक नाही. अजूनही कुठल्याही गावाला गेलो की मी आधी बुंधे बघतो. चुन्याच्या पट्ट्याच्या वर. धर्मशाळेत उतरण्याआधी, मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हासुद्धा. मुलाकडचे लोक आत वाट बघत होते आणि मी त्यांच्या फणसाच्या झाडाभोवती फिरत होतो.

आमची पाळी दर वर्षी येते. माणूस निरोप घेऊन येतो. बायको त्याला चहा देते आणि एकच सांगते: आधी शब्द परत घ्या, मग माळ. माळ त्या एकादशीला दुसऱ्या घरातून जाते. तिचे हात अजून तेवढेच चपळ आहेत. ती घरच्या देवाला ओवते, बाईंच्या अंगणातल्या तुळशीची, आणि अशी ओवते की दोरा दिसत नाही.

लोक मला म्हणतात, अण्णा आता थकले, ऐकू कमी येतं, सोडून दे. घराचं मी सोडलं. आषाढात मी गेलो, उजेडात धरून बघितलं नाही, तो सौदा माझा. पण तिच्या सोवळ्याचा सौदा मी केला नव्हता. त्यांना ठाऊक होतं. ते पान समईपाशी धरलं तेव्हा, त्या क्षणी, त्यांना ठाऊक होतं ते कशाने जळलं. स्वतःच्या घरात ज्याला धूर म्हणाले, त्याला देवळात माझ्या बायकोचा विटाळ म्हणाले. आणि कमिटीतल्या बाकीच्यांनी कुंड्या डोळ्यांनी बघितल्या आणि टाळ वाजवले.

अण्णा, ऐकू कमी येत असेल तर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून तुमच्या घरी धाडतो. येत्या एकादशीला, आरती सुरू होण्याआधी, तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा: तुम्ही असं का केलंत?